नवसाची शाळा

आता नीट बसा. मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पुढे जागा आहे, देव काही चावत नाही!

आख्यानाला हात घालण्याआधी एक सोपा प्रश्न. नैवेद्याचं ताट वाढलं, देवापुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं — आणि घरातलं लेकरू उपाशी ठेवलं. पुण्य की पाप?

'पाप!' बघा, कसे एका सुरात बोललात! पेटीवाले रामदासकाका, तुमची पेटी तरी एवढ्या सुरात लागते का हो?

बरं, आता दुसरा प्रश्न. लेकरू उपाशी नाही. दोन वेळा तूप-भात खातंय. अंगावर रेशमी परकर-पोलकं आहे, कानात सोन्याच्या रिंगा आहेत. फक्त त्याला भाषा दिली नाही. 'मला दुखतंय' म्हणायला भाषा नाही, 'मला नको' म्हणायला नाही. आणि देवाला मात्र भरभरून दिलं! आता सांगा — पुण्य की पाप?

गप्प झालात. असू द्या. उत्तर घाईनं देऊच नका.

देवस्थान कमिटीनं मला बजावून सांगितलंय, 'ताई, आपल्या तालुक्यात बहिऱ्या आणि अंध मुलांची निवासी शाळा आहे, आज तिच्यासाठी मागा. तुमचं ऐकतात लोक.' मागते ना! पण आधी गोष्ट सांगते. गोष्ट दुसऱ्या शाळेची, दुसऱ्या गावची. गावाचं नाव विचारू नका. ऊस पिकतो, थंडीत गुऱ्हाळं चालतात, आणि बाजारात गुळाच्या ढेपांवर माणसांपेक्षा माश्या जास्त बसतात — एवढं पुरे.

त्या गावाबाहेर टेकडीवर एक शाळा होती. शाळा म्हणजे काय — पत्र्याच्या दोन खोल्या! उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात गाळणी. त्यात पाऊणशे मुलं. अर्धी बहिरी, अर्धी आंधळी. आता तुम्ही म्हणाल, एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही — यांचं आपसात जमायचं कसं?

अहो, दोघांनाही सगळं दिसतं-ऐकू येतं त्या नवरा-बायकोचं तरी कुठे जमतं? — हसू नका, शेजारी बघा आधी!

जमायचं. बहिरी जिजा ढोल वाजवायची. दहा वर्षांची पोर. ताल तिला ऐकू यायचा नाही. मग आंधळा पंढरी तिच्या मागे उभा राहायचा आणि तिच्या खांद्यावर बोटांनी ताल धरायचा. त्याचा कान, तिचे हात. असा ढोल वाजायचा मंडळी, की पंगतीत जेवणारा माणूस घास हातात धरून बसायचा!

आणि त्या मुलांची एक रीत होती. नवं माणूस शाळेत आलं की बहिरी मुलं त्याला नाव द्यायची — हाताचं नाव. कागदावरचं नाव त्यांच्या काय कामाचं? ती बघत राहायची. कुणाच्या गालावर तीळ असेल तर गालाला बोट लावायचं, तेच त्याचं नाव. मुख्याध्यापिका सोनटक्के बाई सारखा चष्मा वर सारायच्या. तर नाकावरून बोट वर नेलं की 'बाई'! मागून नाव मिळायचं नाही. मुलांना वाटलं, तू आमचा — की मगच.

आता या शाळेत एक दिवस कोण आलं? नरहरशेठ कोठावळे! गुळाचे अडते. गाडी, धोतर, खिशाला पेन. शेठ म्हणजे असा माणूस, की देवळात आरतीला कापूर लावतील पण काडी पुजाऱ्याची! असे शेठ आले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला पक्की इमारत बांधून देतो."

सोनटक्के बाईंना वाटलं, चुकून आले. दुसऱ्याच शाळेत जायचं असेल.

"शेठजी, ही बहिऱ्या-आंधळ्यांची शाळा."

"ठाऊक आहे. म्हणूनच आलोय."

शाळेच्या संस्थेचे कार्यवाह होते डुबल. त्यांनी तिथल्या तिथे शेठजींचे पाय धरले. जाहीरच केलं, "साक्षात भगवंत आला!"

मंडळी, भगवंत नव्हता. सौदा आला होता.

ऐका. शेठजींच्या घरी नात होती, चैत्राली. चार वर्षांची. कपाळावर कुरळी बट, डोळे असे की समोरच्याच्या ओठांवरून हलायचे नाहीत. पोर बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. मागे पितळी परात पडली तरी हिची बाहुलीची वेणी चालूच! डॉक्टरनं सांगितलं, 'कान तपासा.' शेठ म्हणाले, 'कान चांगले आहेत, रिंगा काय सुंदर दिसतात!' मग वेखंड उगाळून जिभेला लावलं. शंखातलं पाणी पाजलं. आणि शेवटी शेठ गावच्या भैरोबापुढे उभे राहिले. म्हणाले, "देवा, माझ्या नातीला बोलती कर. मी मुक्या पोरांना घर बांधून देतो."

बघा, प्रेम किती! खरं सांगते, मी टिंगल करत नाही. त्या माणसाचा जीव होता नातीवर. पेढीवरून आला की आधी तिला कडेवर घ्यायचा. पण आयुष्यभर अडत केलेला माणूस! माल इकडे, पैसा तिकडे. देवाशीसुद्धा तोच व्यवहार — मी इमारत टाकतो, तू वाचा टाक!

आणि पोरीला त्या शाळेत घालायचं? छे! नाव काढायचं नाही. कारण शाळेत घातली की ती 'बहिरी' झाली. गावभर झालं. आणि घरात शेठजींची धाकटी लेक चारू — तिचं लग्न व्हायचं होतं. 'घराण्यात खोट आहे' म्हणाले लोक, तर?

चारू तेव्हा कितवीत होती ठाऊक आहे? आठवीत! पोरीच्या दप्तरात अजून चिंचा होत्या, आणि शेठ तिच्या वऱ्हाडासाठी नातीची जीभ बांधून बसले होते!

*दिले दिले म्हणे । हात नव्हे रिता ।*
*राहिले ते आता । लपविसी ॥*

इमारत झाली. उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव, हारतुरे, पेढे. दारावर शेठजींच्या आईचं नाव, पंख्यांवर शेठजींचं नाव, पाण्याच्या टाकीवर शेठजींच्या मुलाचं नाव. ताटांवरसुद्धा नाव! म्हणजे पोरांनी आमटी संपवली की खालून कोठावळे वर यायचे!

पुढच्या रांगेत शेठजींचं घर बसलं होतं. सून शैलजा, तिच्या मांडीवर चैत्राली. घरातून पढवून आणली होती — पढवून म्हणजे काय, डोळे वटारून! चारचौघांत आवाज काढायचा नाही, हात हलवायचे नाहीत. कुणी विचारलं तर सासूनं सांगायचं, "लाजाळू आहे हो."

जिजाचा ढोल सुरू झाला. मागे पंढरी, खांद्यावर ताल. आणि ढोल असा घुमला, की जमीन हलली, खुर्च्या हलल्या — आणि शैलजाच्या मांडीवरची पोर ताठ झाली! तिच्या तळपायातून काहीतरी वर चढत होतं. ती आईच्या हातातून सुटली, धावली, आणि ढोलाला दोन्ही तळवे लावून उभी राहिली!

आणि हसली. केवढ्यानं! मांडवभर!

जिजानं वाजवणं थांबवलं. तिनं पोरीकडे पाहिलं. आपल्यातलं माणूस ओळखायला तिला काही डॉक्टर लागला नाही. तिनं विचारलं — हातानं — 'तू कोण?' पोरीला काय कळणार? तिनं तोच हात तसाच हलवला. जिजा हसली. पोरीच्या कपाळावरच्या बटेकडे पाहिलं, आणि आपल्या कपाळाजवळ बोट गोल फिरवलं. मग पोरीच्या छातीला बोट लावलं. पुन्हा बट. पुन्हा छाती. तू — बट. तू — बट!

आणि मंडळी, चैत्रालीनं आपल्या कपाळाजवळ बोट फिरवलं, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

चार वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीला कळलं, की आपल्याला नाव असतं!

शैलजानं पदर तोंडाला लावला. सोनटक्के बाईंनी चष्मा काढून पुसला. आणि नरहरशेठ? शेठ उठून उभे राहिले, डोळ्यांत पाणी, आणि ओरडले, "पावला! भैरोबा पावायला लागला! पोर हसली बघा कशी! वाटा रे पेढे!"

काय म्हणावं? दार उघडलं होतं हो. देवानं नव्हे, दहा वर्षांच्या बहिऱ्या पोरीनं! आणि हा माणूस दाराकडे पाठ करून आभाळाला हात जोडत होता.

दुसऱ्या दिवशी सोनटक्के बाई शेठजींच्या घरी गेल्या. ओसरीवर बसल्या. चहा आला. बाई म्हणाल्या, "शेठजी, चैत्राली बहिरी आहे. हुशार आहे. मला द्या तिला."

"बाई, हळू बोला. ती बहिरी नाही. उशिरा बोलेल. आमचे थोरले काका पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. नंतर गप्प बसवायला माणूस लागायचा!"

"काका हाक मारल्यावर वळत होते का?"

शेठजींनी बशी पुढे सारली. "चहा घ्या, बाई."

"शेठजी, तुमचा जन्म गुळात गेला. गुऱ्हाळात रस आटवायची काहील चुलाणावरून कधी उतरवायची हे कोण ठरवतं?"

"गुळव्या ठरवतो. पाक बघून."

"आणि उतरवायला उशीर झाला तर?"

"करपतो. काळा पडतो. मग काही करा, त्याची ढेप बसत नाही."

"मग ऐका. मुलाच्या डोक्यातसुद्धा भाषेची काहील असते. पहिली पाच-सहा वर्षं. कानानं मिळो की डोळ्यानं, भाषा त्या वेळात आत गेली पाहिजे. तोंडानं बोलेल की हातानं, ते पुढचं पुढे. पण वेळ गेली, की शब्द शिकवता येतात, भाषा बसत नाही. देव थांबेल, शेठजी. काहील थांबत नाही."

शेठ कपातल्या चहाकडे बघू लागले. समजलं होतं त्यांना. अहो, त्यांच्याच धंद्यातलं बोलणं, समजणार नाही कसं? आतल्या दाराशी शैलजा श्वास धरून उभी होती. शेठजींनी मान वर केली आणि म्हणाले —

"बाई, दुसरा मजला बांधून देऊ का?"

हसलात? हसा. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर झोप आली नाही.

"मजला नको, शेठजी. मुलगी द्या."

"चारूचं लग्न होऊ द्या. मग बघू."

आणि दुसरा मजला झाला! पुढच्या वर्षी बाई पुन्हा गेल्या, पुन्हा मुलगी मागितली — गरम पाण्याचे बंब आले. त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या — कानाची यंत्रं आली, दुसऱ्यांच्या पोरांसाठी! प्रत्येक नकारामागे एक देणगी. शाळा वाढत गेली. पोरं कोरड्या खोलीत झोपू लागली, ऊन पाण्यानं न्हाऊ लागली, पोटभर जेवू लागली. आणि हे सगळं कशातून येत होतं? एका पोरीच्या मुकेपणातून! ती जितकी गप्प, तितकी शाळा मोठी.

रामदासकाका, थांबवा जरा पेटी. इथे सूर नको.

चैत्राली सहा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. भर दुपार. शेठ पेढीवर, नवरा बाजारात, सासू पडलेली. शैलजानं पोरीचे दोन फ्रॉक पिशवीत घातले, तिचा हात धरला, आणि उन्हातून टेकडी चढून शाळेच्या दारात आली. दार कुणाच्या नावाचं? आजेसासूच्या!

कार्यवाह डुबल तिथेच होते. नव्या सभागृहाचे खांब चढत होते, ते बघत होते.

"वहिनी, तुम्ही? शेठ आलेत?"

"नाही. ही राहील इथं. घ्या हिला."

"शेठना विचारलंय?"

"मी आई आहे तिची."

"ते खरं वहिनी. पण शेठना विचारल्याशिवाय कसं घेता येईल?"

आवाज ऐकून सोनटक्के बाई बाहेर आल्या. चैत्रालीला बघून त्यांनी हात पुढे केला. "मी घेते. चल बाळ."

डुबल त्यांना बाजूला घेऊन गेले. हळू बोलले, पण पंढरी व्हरांड्यात बसला होता, आणि पंढरीच्या कानातून काय सुटतंय? त्यानंच पुढे सांगितलं. डुबल म्हणाले, "बाई, घ्या खुशाल. मी अडवत नाही. पण उद्या शेठ हात काढून घेतील. सभागृह अर्ध्यात राहील, स्वयंपाकाचं सामान त्यांच्या दुकानातून येतं ते थांबेल. एका पोरीसाठी पाऊणशे पोरं पुन्हा पत्र्याखाली नेऊन घाला. तुम्हीच न्या. मी नाही नेणार."

सोनटक्के बाईंनी वर बघितलं. पक्कं छत. खोल्यांत बघितलं. पोरं दुपारची निजली होती, अंगावर पांघरुणं.

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. सांगणं सोपं असतं.

बाई परत दाराशी आल्या. भाषेची काहील म्हणजे काय हे त्या गावात सगळ्यांत जास्त त्यांनाच ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "शैलजा, मी शेठजींशी पुन्हा बोलते. आज तू घरी जा."

शैलजा म्हणाली, "बाई, दरवर्षी बोलताय तुम्ही. दरवर्षी काहीतरी बांधून होतं."

एवढंच बोलली. पोरीचा हात धरून उतरायला लागली. पोर मागे वळून बघत होती आणि कपाळाजवळ बोट फिरवत होती. मी आहे — मी आहे! दारात दोन बहिरी मुलं उभी होती, त्यांनीही हात उचलले. डुबलांनी त्यांना आत पिटाळलं.

आता तुम्ही वाट बघत असाल. म्हणाल, पुढे शेठजींची वाचा गेली असेल! अर्धांग झालं असेल, देवानं धडा शिकवला असेल! नाही हो. तसं पोथीत होतं. शेठ ठणठणीत होते. संस्थेनं त्यांचा सत्कार केला, शाल दिली, दानशूर म्हटलं. चारूचं लग्न थाटात झालं, बुंदीचे लाडू काय सुरेख झाले होते म्हणतात! चैत्रालीला त्या दिवशी माडीवर ठेवली होती. दाराला बाहेरून कडी.

आणि लग्न झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, शेठ स्वतः तिला घेऊन शाळेत आले. माणूस शब्दाचा पक्का! "बाई, म्हणालो होतो ना, चारूचं लग्न होऊ द्या. आता घ्या."

पोर तेरा वर्षांची झाली होती.

सोनटक्के बाईंनी काय नाही केलं? सकाळी शिकवलं, दुपारी शिकवलं, ताटावर शिकवलं, झाडाखाली शिकवलं. पोर प्रेमळ. शिकलीही! पाणी, भाकरी, आई, गाय, लाल — खुणा भराभर उचलल्या. पाहुण्यांना वाटायचं, वा, काय प्रगती! पण खुणा सुट्या राहायच्या. एकीला दुसरी चिकटायची नाही. समोर आहे तेवढं ती दाखवायची. जे समोर नाही ते तिला धरता यायचं नाही. काल, उद्या, जर, म्हणून — या खुणा तिच्या हातातून वाळूसारख्या गळायच्या. तिच्यापेक्षा निम्म्या वयाची पोरं हातांनी एकमेकांना थापा मारायची, भांडायची, चुगल्या करायची. आणि ही त्यांच्या हातांकडे बघत बसायची. परदेशी पाहुण्यासारखी. आपल्याच माणसांत!

शेठ दर रविवारी यायचे. तिच्या शेजारी बाकावर बसायचे. म्हातारपणी, वाकड्या बोटांनी, स्वतः खुणा शिकायला लागले. अहो, आता ते शिकले! एक दिवस त्यांनी बाईंना बोलावलं. म्हणाले, "बाई, मला नीट येत नाही, तुम्ही विचारा तिला. इतकी वर्षं घरात ठेवली, त्याचा तिला माझ्यावर राग आहे का, एवढं विचारा. आणि असला, तर क्षमा करशील का, विचारा."

सोनटक्के बाई पोरीच्या दुसऱ्या बाजूला बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "कसं विचारू, शेठजी? 'इतकी वर्षं' तिला सांगता येत नाहीत. 'त्याचा' सांगता येत नाही. 'क्षमा' तर फारच लांब. तुम्ही वाईट वागलात हे समजायलाही भाषा लागते, आणि माफ करायलाही लागते. तुम्ही तिला दोन्हीपुरती भाषा मिळू दिली नाही. आणि मी त्या दिवशी तिला दारातून परत पाठवली."

शेठजींनी मान खाली घातली. चैत्रालीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांकडे बोट केलं, आणि जी खूण येत होती ती केली. पाणी.

बरोबर होती खूण. पाणीच होतं.

आता मंडळी, तुमच्याकडे वळते. आरतीचं ताट फिरेल, शाळेसाठी टाका. हात सैल सोडून टाका! त्या मुलांना अन्न लागतं, छप्पर लागतं, यंत्रं लागतात, शिकवणारी माणसं लागतात. देणगी वाईट नाही. नाव घालायचं असेल तर घाला, ताटाच्या बुडाशी घाला!

पण संध्याकाळी मी या गावात उतरले, पाच-सहा घरी चहा झाला. एका घरी मी माडीच्या जिन्यावर पैंजण घातलेले लहान पाय बघितले. वरून कुणीतरी ओढून घेतले. मी विचारलं, "कोण हो?" यजमान म्हणाले, "काही नाही. लाजाळू आहे."

घर सांगणार नाही. तो माणूस इथेच बसलाय, पुढेच बसलाय, आणि मघाशी 'पाप' सगळ्यांत मोठ्यानं तोच म्हणाला.

बाबा रे, कमिटीला तू कबूल केलेल्या पाच हजारांना मी हात लावणार नाही. कमिटीनं रागवावं हवं तर. मूल किती वर्षांचं आहे? चार? पाच? मग अजून काहीलीतला पाक करपलेला नाही. आपल्या तालुक्यातल्या शाळेच्या बाई आज इथे बायकांच्या बाजूला, खांबाशी बसल्या आहेत.

निरांजन पेटवू नका अजून. रामदासकाका, पेटी मिटा. उठ, घरी जा, आणि तिला घेऊन ये. मी उभी आहे. आरती तुझ्यासाठी थांबेल.